शाळेत पॅनल आलाय, मग आता माझं काय?

पत्र:

नमस्कार ताई. मी बीड जिल्ह्यात माजलगावच्या बाजूला एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. वय ४८. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत माझ्याकडं आहेत. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून माझ्या वर्गात मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटानं चालणारा टीव्हीएवढा पडदा, बसवलाय. सोबतचे सर तरुण आहेत, ते त्याच्यावर सगळं फटाफट चालवतात, एआयकडून रोजच्या धड्याचं टाचण काढून घेतात, रील टाकतात. मला पॅनल चालू करता येतो, पण पुढं काय लावावं ते सुचत नाही. साहेब पॅनल चालू असल्याचा फोटो मागतात. पालक म्हणतात इंग्लिश स्कूलला रोज स्मार्ट क्लास असतोय, तुम्ही कामून लावत नाहीत? आणि इकडं चौथीच्या सात लेकरांना भागाकार येत नाही, निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत. मी जुनी झाले का? व्हीआरएस घ्यावी असं वाटायलंय. – एक मॅडम

उत्तर:

मॅडम, व्हीआरएसचं शेवटी बोलू, त्याची घाई नाही. आधी पॅनलचं बघू, कारण गावानं खिशातले पैसे घातलेत आणि तो काही आता भिंतीवरून उतरणार नाही.

मी नोकरीत असताना शाळा बघायला जायचे तेव्हापासून माझी एकच सवय आहे, टीव्ही असो, प्रोजेक्टर असो नाहीतर आता हा पॅनल, तो चालू असताना मी त्याच्याकडं बघतच नाही, लेकरांकडं बघते. त्यांच्या हातात पाटी आहे का नुसती हनुवटी आहे? तोंड हलायलंय का? वीस मिनिटं व्हिडिओ चालला आणि अख्खा वर्ग मांडी घालून गप बसला तर साहेबांना वर्ग लई शिस्तीचा वाटतो, फोटो पण भारी येतो, पण त्या वीस मिनिटांत लेकरानं केलं काय? बघितलं. नुसतं बघून येत असतं तर टीव्हीवर क्रिकेट बघणारं आपलं अख्खं गाव रणजी खेळलं असतं. म्हणून तुम्हाला पॅनलवर काय लावावं ते सुचत नाही यात मला काही वावगं वाटत नाही, उलट ज्यांना रोज काहीतरी सुचतंच त्यांची मला जास्त काळजी वाटते.

आणि हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. तिकडं दक्षिण अमेरिकेत पेरू देशानं खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळांना लॅपटॉप वाटले, थोडेथोडके नाही, लाखांनी. २०१२ साली त्याची तपासणी बाहेर आली, ३१९ शाळा धरून केलेली, आणि गणितात न् भाषेत लॅपटॉप मिळालेल्या शाळा आणि न मिळालेल्या शाळा यांच्यात फरकच सापडला नाही. लेकरं लॅपटॉप चालवायला शिकली, तर्काच्या काही चाचण्यांत जरा पुढंही गेली, पण वाचन आणि हिशेब जागच्या जागीच. यंत्र हातात आलं, पण त्याचा रोजच्या धड्याशी मेळ कसा घालायचा हे कुणी बसून ठरवलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, आणि ही आपल्याच देशातली. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सोबतच्यांनी अभ्यास केला, २०१९ साली छापून आला. शाळा सुटल्यावर लेकरं एका केंद्रावर यायची, बहुतेक सहावी ते नववीची, पण गणितात कितीतरी इयत्ता मागं राहिलेली. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडं ती चांगलीच पुढं गेली. कशामुळं? तर ते सॉफ्टवेअर सातवीच्या पोराला सातवीचं गणित देत नव्हतं, त्याला जिथपर्यंत येतंय तिथून पुढचं देत होतं, पोरगं स्वतः सोडवत होतं, आणि केंद्रावरचा निम्मा वेळ समोर एक माणूस बसून लहान गटाला शिकवत होता. ही निम्म्या वेळाची गोष्ट ॲप विकणारे सांगत नाहीत बरं का, पालकांना हप्त्यावर टॅब गळ्यात मारताना तर मुळीच नाही.

म्हणजे मुद्दा पातळीचा आहे. आणि एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणारी बाई दिवसभर दुसरं करते काय? एकीला लिहायला लावायचं, दुसरीला शिकवायचं, मधेच तिसरीचं हुशार पोरगं चौथीच्या गटात सरकवायचं, चौथीचं कच्चं पोरगं गपचूप तिसरीच्या गटात बसवायचं. त्याला आता अडॅप्टिव्ह लर्निंग म्हणायलेत आणि त्याचे पैसे घ्यायलेत.

आता त्या सात जणांकडं या. त्यांना एकत्र बसवा, पाटीवर ४०८ भागिले ४ द्या, आणि शिकवू नका, नुसतं शेजारी बसून बघा. एखाद्याला चारचा पाढाच येत नसेल. एखादं वजाबाकीत अडकेल. आणि दोघं-तिघं तरी हमखास उत्तर १२ काढतील. कसं, तर चार एके चार झालं, शून्य खाली उतरवला, शून्यात चार जात नाही म्हणून वर काहीच लिहिलं नाही, मग आठ उतरवला, चार दुणे आठ, झाला भागाकार. बऱ्याचशा ॲपला ही चूक म्हणजे नुसती लाल फुली, पुन्हा प्रयत्न करा, टिंग. तुम्हाला मात्र त्याची पेन्सिल शून्यापाशी थबकलेली दिसते. मग गणितपेटीतल्या खेळण्यातल्या नोटा काढायच्या, शंभराच्या चार आणि एक रुपयाची आठ नाणी, चार लेकरांत वाटायला लावायच्या. प्रत्येकाच्या हातात १०२ रुपये आले की त्यालाच विचारायचं, तुझ्या पाटीवर तर बाराच रुपये आलेत, मग शंभराची नोट गेली कुठं? लेकरं हसतात आणि मग शून्य लिहितात. सातही जणांचं दुखणं वेगळं निघेल, एकच औषध सगळ्यांना चालणार नाही, म्हणून दोन-तीन तुकड्या कराव्या लागतील.

मग पॅनलचं काम काय, तर या अर्ध्या तासात तिसरीला सांभाळणं. पॅनलवर मोठ्या अक्षरात एक उतारा लावा, तिसरीतल्या एखादीला काठी घेऊन पुढं उभी करा, ती वाचेल तसं बाकीचे वाचतील, मग उतारा झाकायचा आणि आठवतील ती पाच वाक्यं वहीत लिहायची. उतारा झाकून लिहिणं महत्त्वाचं, आठवून लिहिलेलं जास्त टिकतं, पुन्हा पुन्हा वाचलेलं तितकं टिकत नाही, यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. स्क्रीन काळी करायचं बटण पॅनलला असतंय, सगळ्यात आधी तेच शिकून घ्या. सर जे काय शिकवतील ते नंतर.

आणि जे आपल्या हातानं, खडूनं, नोटांनी दाखवता येतच नाही तिथं मात्र पॅनल सोन्यासारखा आहे, तिथं कंजूषपणा करू नका. परिसर अभ्यासाचा नकाशा घ्या. आधी लेकरांना पाटीवर गावाचा नकाशा काढू द्या, शाळा कुठं, पाण्याची टाकी कुठं, ओढा कुठून येतोय. निम्मी चुकतील, ओढा भलतीकडूनच आणतील, भांडतील, भांडू द्या. मग पॅनलवर उपग्रहाचा नकाशा लावायचा आणि आपल्या शाळेचे पत्रे शोधायचे. ते सापडले की वर्गात जो दंगा होईल तो होऊ द्या, सरांच्या वर्गाला ऐकू गेला तरी चालेल. तिथून सरकत सरकत माजलगाव धरणाची भिंत, तिथून सिंदफणा धरून खाली मंजरथला गोदावरी, मग नांदेड, मग तेलंगण, मग आंध्र, आणि शेवटी बंगालचा उपसागर. आपल्या ओढ्याचं पाणी जातंय कुठं, हे खडूनं सांगितलेलं आणि बोटानं सरकवत नेलेलं यात फरक आहे. अट एकच, बोट लेकराचं पाहिजे, तुमचं नाही न् सरांचंही नाही. पॅनल उंच बसवला असेल तर खाली एक बाकडं ठेवा, बऱ्याच शाळांत पॅनल अशा उंचीवर टांगतात की फक्त साहेबांचाच हात पोचतो. असंच बी रुजताना, इंग्रजीचा उच्चार ऐकताना, चंद्राच्या कला बघताना. दोन मिनिटांची क्लिप, मधे थांबवायची, पुढं काय होईल ते विचारायचं, मग चालू करायची.

बालभारतीच्या पुस्तकावर क्यूआर कोड असतात ते तुम्हाला माहीतच आहेत, सरकारच्या दीक्षा ॲपवरून उघडतात. दीक्षा २०१७ ला आलं. क्यूआर कोडचा हा नाद आपल्याकडं लावला तो धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी, रणजितसिंह डिसले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं ते, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी सोबतच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकले. जिल्हा परिषदेचाच माणूस आणि जिल्हा परिषदेचीच शाळा, तेव्हा हे सगळं शहरातल्यांचं काम आहे असं मनात असेल तर काढून टाका. व्हिडिओ रेंज असेल तिथं, माजलगावला बाजाराला गेल्यावर फोनवर डाउनलोड करून ठेवायचे. भर वर्गात ते गोल गोल फिरणारं चक्र बघत बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन गणितं होतात.

आता तुमचे सर आणि त्यांचं एआय. त्यांच्याबद्दल मनात अढी ठेवू नका, त्यांच्याकडून काम करून घ्या. त्यांना म्हणावं, सर, टाचण राहू द्या, मला तीन प्रकारची भागाकाराची गणितं काढून द्या, एक बाकी न उरणारी, एक बाकी उरणारी, आणि एक भागाकारात मधे शून्य येणारी, प्रत्येकी बारा. पाच मिनिटांत देतील. हे काम हातानं करायला तुमचा रविवार गेला असता. पण उत्तरं तुम्ही स्वतः तपासायची, एआय अगदी ठासून चुकीचं उत्तर देतं, आणि त्याचं मराठीही वाचून घ्या, मधेच भागफल, शेषफल असलं हिंदी घुसडतं आणि लेकरं बावचळतात. गणितात सफरचंदं न् पिझ्झे येतील, तिथं तुमचं तुम्ही कापसाची बोंडं न् बाजारातले पेरू घाला.

एआय शिक्षकाच्या हातात ठीक. लेकराच्या हातात सरळ उत्तर देणारं यंत्र दिलं की काय होतं याचा तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळपास एक हजार पोरांवर प्रयोग झालाय. ज्यांना साधं चॅट दिलं त्यांनी सराव करताना ४८ टक्के जास्त चांगलं केलं, आणि चॅट काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी पडले. दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारा देणारं, शिक्षकांनी आधी घडवून दिलेलं चॅट होतं, त्यांनी सरावात तर कमालच केली, आणि परीक्षेत त्यांचं तेवढं नुकसान झालं नाही, पण फार फायदाही दिसला नाही. आणि ही झाली पंधरा-सोळा वर्षांची पोरं, तुमची तर नऊ-दहा वर्षांची. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमातच तेरा वर्षांखालच्यांना परवानगी नाही, त्यामुळं चौथीच्या लेकरांनी एआयशी गप्पा मारल्या असा रील सरांना काढायचा असेल तर तो मात्र थांबवा.

रीलचं निघालंच आहे तर सांगते. लेकरांचे चेहरे, नावं, गाव, शाळेचा बोर्ड, सगळं एकत्र इन्स्टावर टाकणं चांगलं नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरतो. गावात कुणी तक्रार करत नाही म्हणून चालून जातंय एवढंच. साहेबांना फोटो पाहिजे ना, पाठमोऱ्या लेकरांचा काढून पाठवा, ग्रुपवर एक अंगठा येईल, विषय संपला. त्या फोटोसाठी तास मोडू नका.

सगळ्यात जास्त मला जे बोलायचंय ते ऊसतोडीवर गेलेल्यांबद्दल. दिवाळीनंतर टोळी गेली की घरातला चांगला फोन पण बापाबरोबर जातो, आजीकडं राहतो तो बटणांचा. तेव्हा व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचा हा प्रकार तुमच्या निम्म्या वर्गासाठी नुसता कागदोपत्री आहे, कुणी कितीही लिंक पाठवू द्या. पण उलट्या दिशेनं तोच फोन लई कामाचा आहे. शनिवारी लेकराकडून एक उतारा वाचून घ्या, तुमच्या फोनवर मिनिटभराचा ऑडिओ करा आणि तिकडं कोपीवर, तोडीवरच्या झोपडीत, आईला पाठवा. आई कदाचित शाळेत गेलेली नसेल, पण पोरगी अडखळत वाचायलीय का सरळ वाचायलीय एवढं तिला कानानं कळतंय, आणि दिवसभर मोळ्या बांधून आल्यावर ती तो ऑडिओ एकदा नाही, चारदा ऐकते, शेजारच्या कोपीतल्या बाईला ऐकवते. पोरीला कळलं की आई ऐकणार आहे, की ती शुक्रवारीच उतारा घरी नेऊन घोकते. याला पॅनल लागत नाही, इंटरनेट पण जेमतेम लागतं. आणि फेब्रुवारीतला ऑडिओ नोव्हेंबरातल्या ऑडिओशेजारी ठेवला की तुमची प्रगतीची नोंदही आपोआप होते, वेगळा तक्ता भरायची गरज नाही. हंगामी वसतिगृहात जी लेकरं असतील त्यांचंही असंच करता येतं.

पालकांना काय सांगायचं? भाषण तर देऊच नका. पालक मेळावा घ्या आणि त्यांच्या लेकराला त्यांच्यासमोर अनोळखी उतारा वाचायला द्या, पाटीवर एक भागाकार करायला लावा. मग म्हणा, व्हॅनमधून इंग्लिश स्कूलला जाणाऱ्या शेजारच्या लेकराला पण हेच घरी करायला लावून बघा. बस एवढंच. आणि एक, मोठ्या पोरांच्या आईबापांना फोनचंही जरा सांगा. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या पोरांना असर या शिक्षणाच्या देशभरातल्या २०२४ च्या पाहणीत विचारलं होतं, तर आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरला असं म्हणणारे ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरला म्हणणारे ७६ टक्के. पोरगं फोनवर अभ्यास करायलंय असं समजून खुशीत असणाऱ्या बापाला हा आकडा ऐकवायला हरकत नाही.

दोन-तीन बारीकसारीक गोष्टी. पॅनलसाठी फळा काढू देऊ नका, काढला असेल तर शेजारी दुसरा लावून घ्या, आपल्याकडं लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि लाइट गेली की पॅनल म्हणजे काळी भिंत. ग्रामपंचायतीला इन्व्हर्टर मागा, शालेय व्यवस्थापन समितीचा ठराव करून लेखी मागा, तोंडी मागितलेलं मिळत नाही. दुपारचं ऊन खिडकीतून पॅनलवर पडत असेल तर मागच्या लेकरांना ढेकळही दिसत नाही, तुम्ही स्वतः एकदा मागं, खाली मांडी घालून बसून बघा, आणि पडदा लावून घ्या, जुनी सतरंजी पण चालते.

जुनं-नवं म्हणाल तर मॅडम, १९७५ ला सरकारनं उपग्रहावरून खेड्यातल्या टीव्हीवर शाळेचे कार्यक्रम दाखवले होते, सहा राज्यांत २४०० गावं, आपल्या शेजारच्या कर्नाटकातली पण. १९८४ ला शाळांत कॉम्प्युटर आणायची क्लास नावाची योजना आली. मग कॉम्प्युटरच्या खोल्या आल्या, मग प्रोजेक्टर, मग टॅब, आता पॅनल आणि एआय. दर वेळी कुणीतरी म्हणालं की आता शिक्षकाचं काय काम. पॅनलनंतरही काहीतरी येईलच, तेव्हा तुमच्या सरांचं वय ४८ झालेलं असेल आणि ते असंच पत्र लिहितील.

तर व्हीआरएस. गुडघे दुखायलेत, घरी सासूबाईंचं कुणी करणारं नाही, रोजचं येणं-जाणं झेपत नाही, अशी काही कारणं असतील तर घरच्यांबरोबर बसून पेन्शनचा हिशेब आधी करा आणि खुशाल घ्या. पण पॅनल चालवता येत नाही म्हणून घ्यायची असेल तर नका घेऊ, तो रोज शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं सरांजवळ बसलात तर महिन्याभरात येतो. त्या बदल्यात सरांना तुमच्या त्या सात जणांशेजारी बसवा आणि ४०८ भागिले ४ मधला शून्य कुठं हरवतो ते दाखवा. हे त्यांना कुठल्याच रीलवर सापडलेलं नसणार.